सडपातळ मनोरे आणि शहराची आकाशरेषा

इमारत किती सडपातळ आहे हे मोजायची रीत साधी आहे. पायथ्याची रुंदी आणि एकूण उंची यांचे गुणोत्तर काढायचे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुने जुळे मनोरे सुमारे ४१५ मीटर उंच होते, पण त्यांची प्रत्येक बाजू ६३ मीटर रुंद होती. त्यामुळे गुणोत्तर १:७ च्या आतच राहिले. साधारणपणे १:१० किंवा १:१२ ओलांडले की अभियंते इमारतीला सडपातळ म्हणतात. मॅनहॅटनमध्ये ५७व्या रस्त्याच्या आसपास २०१० नंतर उभ्या राहिलेल्या निवासी मनोऱ्यांपैकी काहींनी ही मर्यादा फार मागे टाकली. ‘४३२ पार्क अव्हेन्यू’चे गुणोत्तर १:१५ आहे आणि ‘१११ वेस्ट ५७वा रस्ता’ या इमारतीचे १:२४. सेंट्रल पार्कच्या दक्षिण कडेला उभ्या असलेल्या या मनोऱ्यांच्या रांगेला ‘बिलियनेअर्स रो’ असे नाव पडले. निवासी मनोरा शहराचे रूप कसे बदलतो, हे पाहण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

बदल समजण्यासाठी आधीची रेषा डोळ्यांसमोर हवी. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात मॅनहॅटन दुरून दोन डोंगरांसारखे दिसे. एक दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटभोवती, दुसरा मिडटाउनमध्ये. या डोंगरांची घडण १९१६ च्या कायद्याने केली. १९१५ मध्ये पुरी झालेली इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेपासून सरळ ३८ मजले वर गेली आणि भोवतीच्या गल्ल्यांतला उजेड हरपला. त्यानंतर शहराने नियम केला, की रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठरलेल्या उंचीनंतर भिंतीने मागे सरकले पाहिजे. मजल्याचा आकार भूखंडाच्या चतुर्थांशावर आला, की तिथून पुढे उंचीला बंधन नाही. क्रायसलर बिल्डिंग (१९३०, ३१९ मीटर) आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग (१९३१, ३८१ मीटर) या नियमाच्या चौकटीत वाढल्या. खाली रुंद, मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकलेली, वर कळस असलेली अशी इमारत कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नदीपलीकडूनही कळते. १९६१ मध्ये नवे नियम आले. त्यांनी पायऱ्यांऐवजी चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपल्याकडचा एफएसआय, मुख्य मानला. सपाट माथ्याच्या काचेच्या पेट्या त्यानंतर वाढल्या, तरी त्या बहुतेक कचेऱ्यांच्या होत्या आणि पोटाने रुंद होत्या.

कचेरीची इमारत फार बारीक होऊ शकत नाही. कंपन्यांना एका मजल्यावर शेकडो माणसे बसवायची असतात. त्या माणसांना सकाळी एकाच तासात वर न्यायचे, तर लिफ्टच्या रांगा लागतात, आणि इमारत जितकी उंच तितकी प्रत्येक मजल्यावरची जागा लिफ्टचे खड्डे खातात. घरांचे गणित वेगळे. एका मजल्यावर एकच कुटुंब राहणार असेल, तर मोजक्या लिफ्ट पुरतात. ‘१११ वेस्ट ५७वा रस्ता’ या ८४ मजली म्हणवणाऱ्या मनोऱ्यात फक्त ४६ घरे आहेत. त्यात किमतीचा हिशेब मिळतो. उद्यानाच्या झाडांवरून पलीकडे नजर जाते त्या उंचीवरचे घर खालच्या घरापेक्षा कित्येक पटींनी महाग विकले जाते. २०१४ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘वन५७’ मधले सर्वांत वरचे घर १० कोटी डॉलरना गेले. ‘२२० सेंट्रल पार्क साउथ’ मधल्या घराची विक्री २०१९ मध्ये २३ कोटी ८० लाख डॉलरना झाली. तेवढेच चटई क्षेत्र रुंद मजल्यांत बसवण्यापेक्षा लहान मजल्यांत वर वर नेणे विकासकाला परवडते, ते या दरांमुळे. वास्तुइतिहासकार कॅरल विलिस यांनी गगनचुंबी इमारतींच्या आकारामागचे अर्थकारण उलगडून दाखवले आहे. त्यांच्या न्यूयॉर्कच्या स्कायस्क्रेपर म्युझियमने २०१३ मध्ये नेमक्या याच सडपातळ मनोऱ्यांवर प्रदर्शन भरवले होते.

मग इतके क्षेत्र येते कुठून? न्यूयॉर्कमध्ये एखाद्या भूखंडावर जितके बांधता येते तितके बांधलेले नसेल, तर उरलेला हक्क शेजारच्या भूखंडाला विकता येतो. जुने चर्च, चार मजली घर, वारसा यादीतले सभागृह यांच्या डोक्यावरची न वापरलेली उंची शेजारी गोळा करतो. हे काम गुपचूप आणि सावकाश चालते. एका मनोऱ्यासाठी आसपासच्या अनेक मालकांशी वर्षानुवर्षे बोलणी होतात. सगळे हक्क एकत्र आले, की नियमात बसणाऱ्या इमारतीला वेगळी परवानगी लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. नियमांतल्या आणखी एका जागेचा फायदा घेतला गेला. पंप, वातानुकूलन अशा यंत्रांच्या मजल्यांचे क्षेत्र एफएसआयमध्ये मोजत नसत आणि त्या मजल्यांची उंची किती असावी यालाही मर्यादा नव्हती. काही विकासकांनी मधले यंत्रांचे मजले प्रचंड उंच, जवळजवळ रिकामे ठेवले आणि त्यांच्यावरची घरे आणखी वर नेली. २०१९ मध्ये शहराच्या परिषदेने नियम बदलला. निवासी मनोऱ्यांच्या भागांत २५ फुटांहून उंच यंत्रमजला आता क्षेत्रात धरला जातो. तोवर या रांगेतले प्रमुख मनोरे उभे झाले होते किंवा पायाबाहेर आले होते.

परवानगी लागणे आणि न लागणे यांत किती फरक पडतो, हे दोन इमारती शेजारी ठेवून पाहिले की कळते. मॉडर्न आर्टच्या संग्रहालयाला लागून असलेल्या ज्याँ नुव्हेल यांच्या ‘५३ डब्ल्यू ५३’ या मनोऱ्याला वारसा इमारतींचे हक्क हवे होते, म्हणून त्याला विशेष मंजुरी घ्यावी लागली. योजना १,२५० फुटांची होती, म्हणजे एम्पायर स्टेटच्या गच्चीइतकी. २००९ मध्ये शहर नियोजन आयोगाच्या अध्यक्षा अमांडा बर्डन यांनी मनोऱ्याचा माथा त्या उंचीला शोभेसा नाही असे ठरवले आणि २०० फूट कमी करायला लावले. ती इमारत तिरप्या तुळयांच्या जाळीत वर निमुळती होत जाते आणि या साऱ्या मंडळींत आकाराच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक घडवलेली आहे. काही वर्षांतच तिथून थोड्या अंतरावर १,३९६ फुटांचा ‘४३२ पार्क अव्हेन्यू’ उभा राहिला. त्याचा माथा आकाशरेषेला शोभतो का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

‘४३२ पार्क’ २०१५ मध्ये पुरा झाला. वास्तुरचनाकार राफाएल विन्योली यांनी जुन्या ड्रेक हॉटेलच्या जागेवर साडेअठ्ठावीस मीटर बाजूचा चौरस घेतला आणि तो कुठेही न बदलता ४२६ मीटर वर नेला. चारी बाजूंना पांढऱ्या काँक्रीटची जाळी, प्रत्येक बाजूला प्रत्येक मजल्यावर सहा चौकोनी खिडक्या, प्रत्येक खिडकी दहा फूट लांब आणि दहा फूट उंच. जवळून पाहिले तर प्रमाणबद्धता सुरेख आहे. मात्र पायथा, मधला भाग आणि माथा असा भेदच नाही. इमारत संपते कारण ठरलेले क्षेत्र संपते. इतक्या मोठ्या वस्तूत प्रमाणाचा अंदाज देणारी खूणही नाही. शेजारी ओळखीची इमारत नसेल, तर ती ४० मजल्यांची की ९० मजल्यांची हे डोळ्याला सांगता येत नाही. दर बारा मजल्यांनी येणारे दोन मोकळे मजले एवढाच काय तो खंड. ते दोन मजले वाऱ्यासाठी रिकामे ठेवले आहेत.

वारा हा या इमारतींचा खरा शिल्पकार आहे. उंच बारीक वस्तूच्या दोन्ही बाजूंनी वारा वाहतो तेव्हा मागे आळीपाळीने भोवरे सुटतात, आणि त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीशी जुळली तर डोलणे वाढत जाते. इमारत पडायचा धोका यात नसतो. वरच्या घरात बसलेल्या माणसाला मळमळू लागते, ही खरी अडचण. म्हणून इमारतीला भोके ठेवतात, कोपरे कापतात, वरच्या बाजूला रुंदी कमी करतात, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरचे भोवरे एका लयीत येत नाहीत. माथ्यापाशी शेकडो टन वजनाचे लोलक बसवतात, ते डोलण्याच्या उलट दिशेने सरकून हालचाल शोषतात. ‘१११ वेस्ट ५७’च्या डोक्यावर असे ८०० टनांचे वजन आहे. आकाशरेषेत दिसणाऱ्या पायऱ्या, खाचा आणि रिकाम्या पट्ट्या यांतले बरेच काही वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांनी ठरवलेले असते. हे लक्षात घेतले, की या मनोऱ्यांकडे बघायची दृष्टी थोडी उदार होते.

‘१११ वेस्ट ५७’ हा या रांगेतला सर्वांत बारीक आणि बहुधा सर्वांत चांगला मनोरा. पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीच्या १९२५ च्या सभागृहाला पोटात घेऊन शॉप आर्किटेक्ट्स या संस्थेने तो ४३५ मीटर वर नेला. उत्तरेकडून, म्हणजे उद्यानातून, तो जेमतेम १८ मीटर रुंदीची उभी रेघ दिसतो. पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून पाहिले तर वेगळाच आकार समोर येतो. उद्यानाची बाजू सरळ वर गेलेली, आणि दक्षिणेची बाजू लहान लहान पायऱ्यांनी आत सरकत शेवटी पिसासारखी विरून गेलेली. पूर्व-पश्चिम भिंतींवर भाजलेल्या मातीच्या घडवलेल्या पट्ट्या आणि मध्ये काशाची नक्षी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात या पट्ट्यांच्या कडांची सावली पडून सबंध भिंत उभ्या रेघांनी भरते. ऊन डोक्यावर आले की त्या रेघा मावळतात. १९१६ च्या कायद्याने शिकवलेली पायऱ्यांची भाषा इथे नव्या इमारतीने समजून घेतली आहे. उलट, ४७२ मीटरचा ‘सेंट्रल पार्क टॉवर’ जगातली सर्वांत उंच निवासी इमारत असूनही डोळ्याला लक्षात राहील असे काही देत नाही. त्याची एकच खूण ठळक दिसते. पुढच्या ‘२२० सेंट्रल पार्क साउथ’च्या आडून उद्यान दिसावे म्हणून मनोऱ्याचा वरचा भाग पूर्वेला सरकवून शेजारच्या आर्ट स्टुडंट्स लीगच्या १८९२ च्या इमारतीवर २८ फूट अधांतरी आणला आहे. घरातून दिसणाऱ्या दृश्याने बाहेरून दिसणारे दृश्य कसे घडते, ते या एका खांद्यात दिसते.

एकेका इमारतीचे गुणदोष आपल्या जागी. एकत्रितपणे त्यांनी रेषेचे काय केले हे वेगळे पाहावे लागते. पहिले म्हणजे मिडटाउनचा डोंगर मोडला. पूर्वी उंची मध्यभागी जास्त आणि कडेला कमी होत जाई. आता सर्वांत उंच टोके डोंगराच्या उत्तर कडेला, उद्यानाच्या तोंडाशी एकदम उभी आहेत आणि त्यांच्या पलीकडे झाडी. दुसरे, उंचीचा अर्थ बदलला. क्रायसलर, एम्पायर स्टेट, रॉकफेलर सेंटर या इमारतींत हजारो लोक रोज कामाला जात, पर्यटक त्यांच्या सज्जांवर चढत. नव्या टोकांपैकी कित्येकांत पन्नास-शंभर कुटुंबांची जागा आहे आणि अनेक मालकांची घरे अन्य शहरांतही आहेत, त्यामुळे रात्री कचेऱ्यांचे मजले उजळलेले असताना या उंच रेघांचे मोठमोठे भाग काळोखात असतात. तिसरे, जुन्या खुणा झाकल्या जाऊ लागल्या. याचे सर्वांत बोचरे उदाहरण ५७व्या रस्त्यापासून दूर आहे. ‘२६२ फिफ्थ अव्हेन्यू’ हा ८६० फुटांचा बारीक मनोरा मॅडिसन स्क्वेअरच्या उत्तरेला उभा राहिला आणि फिफ्थ अव्हेन्यूवरून दिसणारी एम्पायर स्टेट बिल्डिंग दक्षिणेकडच्या अनेक जागांवरून त्याच्याआड गेली. इतकी बारीक इमारत काय झाकणार, असे वाटते. पण रस्त्याच्या रेषेत मोक्याच्या ठिकाणी उभी राहिली तर बारीक इमारतही पुरते.

या घडामोडींना म्युनिसिपल आर्ट सोसायटी या जुन्या नागरिक संस्थेने २०१३ च्या अहवालात ‘अपघाती आकाशरेषा’ म्हटले. रेषा कुणी आखली नाही, भूखंडाभूखंडाच्या सौद्यांतून ती आपोआप उमटली, असा तिचा आक्षेप होता. अहवालाचा भर सावल्यांवर होता आणि तो प्रश्न न्यूयॉर्ककरांना नवा नाही. १९८७ मध्ये उद्यानाच्या नैऋत्य कोपऱ्यावरच्या एका प्रचंड प्रकल्पाविरुद्ध शेकडो लोक काळ्या छत्र्या उघडून उद्यानात उभे राहिले होते आणि त्यांत जॅकलीन केनेडी ओनासिस होत्या. तो प्रकल्प पुढे रद्द झाला. सडपातळ मनोऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा खराच आहे. डिसेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशच वर असतो, त्यामुळे सावली उंचीच्या दुपटीहून लांब पडते. ‘सेंट्रल पार्क टॉवर’ची सावली जवळजवळ एक किलोमीटर जाते. तरी १८ मीटर रुंदीची सावली अर्ध्या किलोमीटरवर एका जागी आठ-दहा मिनिटांहून जास्त थांबत नाही. रुंद ठोकळ्याची सावली तासभर बसते. एक मनोरा असेल तर हा हिशेब दिलासा देतो. सात-आठ मनोरे एका ओळीत आले, की एक सावली सरकते तोच दुसरी येते, आणि हिवाळ्यात मुलांच्या खेळाच्या मैदानावर ऊन तुटक तुटकच मिळते.

बारीक निवासी मनोरा नेहमीच श्रीमंतीचे लक्षण असतो असे नाही. हाँगकाँगमध्ये तो लहान भूखंड आणि जमिनीची टंचाई यांतून आला. जुन्या चाळवजा इमारतीच्या अरुंद जागेवर, दोन्ही बाजूंचे मालक विकायला तयार नसल्याने, पंचवीस-तीस मजल्यांची पेन्सिलसारखी इमारत उभी राहते, आणि अशा शेकडो इमारतींची दाट रांग डोंगराच्या पायथ्याशी पसरते. २००३ चा ‘हायक्लिफ’ हा २५२ मीटरचा मनोरा १:२० गुणोत्तराचा आहे. शेजारच्या ‘समिट’सह त्याला लोक चॉपस्टिक्स म्हणतात. हाँगकाँगने एक गोष्ट वेळेवर केली. बंदरापलीकडच्या ठरलेल्या जागांवरून पाहताना डोंगरकड्यांचा वरचा साधारण पाचवा हिस्सा इमारतींनी झाकू नये, असे मार्गदर्शक तत्त्व नियोजनात घातले. काही मनोऱ्यांनी ते ओलांडले, पण मोजायला रेषा तरी आहे. लंडनने सेंट पॉल कॅथीड्रलची दृश्ये १९३० च्या दशकापासून जपली आहेत. व्हँकूव्हरने १९८९ मध्ये डोंगर आणि पाणी दिसायचे कोन नकाशावर आखले आणि बारीक मनोऱ्यालाच आपले साधन केले. खाली रस्त्याच्या कडेने तीन-चार मजल्यांची घरे-दुकाने, वर साधारण ६०० चौरस मीटर मजल्याचा मनोरा, आणि दोन मनोऱ्यांत किमान २४ मीटर अंतर. तिथे बारीक मनोऱ्यांमधून डोंगर दिसतात. बारीकपणा दोष नव्हे, हे सिद्ध करायला व्हँकूव्हर पुरेसे आहे. इमारती कुठे, किती अंतराने आणि कोणत्या दृश्याच्या आड येतात यावर सगळे अवलंबून आहे.

मुंबईत या प्रश्नाची चर्चा बहुधा १९८३ च्या ‘कांचनजंगा’पासून सुरू करावी लागेल. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासह कंबाला हिलवर बांधलेली ही २८ मजली इमारत २१ मीटर बाजूच्या चौरसावर ८४ मीटर उभी आहे, गुणोत्तर १:४. आजच्या मापाने ती बुटकी. पण पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचे बंदर दोन्ही मिळावे, आणि दुपारचे ऊन व पावसाची झड मात्र अडावी, यासाठी कोपऱ्यांत कोरलेले दुमजली व्हरांडे दुरून काळ्या खाचांसारखे दिसतात. हवामानाने घडवलेला असा आकार आजच्या मुंबईत फार थोड्या मनोऱ्यांना लाभला आहे.

त्यानंतरची उंच मुंबई मुख्यतः गिरणगावात वाढली. लालबाग-परळच्या आकाशात पूर्वी गिरण्यांची धुराडी हीच उभी खूण होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागा आणि परवडणाऱ्या घरांना ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती आकुंचित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा ‘वर्ल्ड वन’ ४४२ मीटरचा व्हायचा होता. विमान उड्डाणाच्या कारणाने तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. ताडदेवची ‘इम्पीरियल’ची जोडी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जमिनीवर २०१० मध्ये उभी झाली. वरच्या टोकदार कळसांमुळे ती आजही वरळी-हाजीअलीच्या गर्दीत चटकन ओळखू येते, ही दाद तिच्या रचनाकाराला द्यायला हवी.

मुंबईचे मनोरे न्यूयॉर्कइतके बारीक नाहीत आणि त्याची कारणे नियमांत आहेत. बहुतेक इमारतींत एका मजल्यावर अनेक घरे असतात. पायथ्याशी गाड्यांसाठी सात-आठ मजल्यांचा पोडियम असतो, आणि फुटपाथवरून चालणाऱ्याला मनोरा दिसतच नाही, जाळीच्या भिंतीमागच्या गाड्याच दिसतात. आगीच्या वेळी आसऱ्यासाठी ठराविक मजल्यांनी सोडलेले रेफ्युज मजले भिंतीवर आडव्या काळ्या पट्ट्या ओढतात. हस्तांतरणीय विकास हक्कही (टीडीआर) न्यूयॉर्कसारखे शेजारच्या भूखंडापुरते नव्हते. शहरात निर्माण झालेला टीडीआर उपनगरांत वापरता येई, त्यामुळे उंची एका रांगेत न साचता उत्तरेकडे विखुरली. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून दक्षिणेकडे पाहिले, की या सगळ्याचा परिणाम एका नजरेत येतो. रुंद खांद्यांचे, सारख्याच बाल्कन्यांचे, एकमेकांना खेटून उभे असलेले मनोरे, आणि त्यांच्यामागे कुठे टेकडी होती याचा पत्ता नाही.

मुंबईत इमारतीची उंची विमानतळ, अग्निशमन, एफएसआय आणि पार्किंग यांचे नियम मिळून ठरवतात. वारसा क्षेत्रे आणि मलबार हिलवरच्या उद्यानांतून दिसणाऱ्या मरीन ड्राइव्हसारखे थोडे अपवाद सोडले, तर इमारत दुरून कशी दिसेल आणि तिच्यामागे काय झाकले जाईल हे तपासण्याची जबाबदारी कुणावर नाही. वरळी सी फेस, माहीमची खाडी, शिवडीचा किनारा, हाजीअली अशा पाच-दहा सार्वजनिक जागांवरून दिसणाऱ्या दृश्यांचे नकाशे विकास आराखड्यात असायला हवेत आणि मोठ्या मनोऱ्याची परवानगी त्यांच्याशी ताडून पाहायला हवी. न्यूयॉर्कने आपली पळवाट बंद केली तेव्हा उशीर झाला होता. मुंबईत पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन अजून बरीचशी मोकळी आहे, तेव्हा नकाशे तिथून सुरू करावेत.